विस्तारणाऱ्या विश्वाची साक्ष

रायगड जिल्ह्याच्या श्रीवर्धन तालुक्यांत समुद्रकांठीं वसलेलें दिवेआगर हें गांव नारळीपोफळीच्या वाड्यांकरितां, रूपनारायणाच्या देवळाकरितां आणि सुवर्णगणेशाकरितां महाराष्ट्रास परिचित आहे. गांवाच्या पश्चिमेस केवड्याचीं बनें व सुरूचीं झाडें ओलांडलीं कीं लांबच लांब पुळण लागते. कार्तिक-मार्गशीर्षांतील अमावास्येच्या सुमारास दिव्यांच्या झगमगाटापासून थोडें दूर जाऊन या पुळणीवरून वर दृष्टि टाकली, तर माथ्यावरून किंचित उत्तरेस, देवयानी समूहांत, पिंजलेल्या कापसाच्या पेळूसारखा एक अंधुक ठिपका दिसतो. तो तारा नव्हे. अब्जावधि ताऱ्यांचा तो एक स्वतंत्र समूह आहे, आणि त्याचा जो प्रकाश त्या रात्रीं डोळ्यांत शिरतो तो सुमारे २५ लाख वर्षांपूर्वीं तेथून निघालेला असतो. कोणत्याहि साधनावांचून माणसाच्या डोळ्यास सहज दिसणाऱ्या वस्तूंत इतकी दूरची दुसरी वस्तु नाहीं.

या ठिपक्याच्याहि पलीकडे काय आहे, आणि जें आहे तें स्थिर आहे कीं हालतें आहे, हें माणसास कळावें कसें? तेथवर जाणारी होडी नाहीं, तेथला तळ काढणारी दोरी नाहीं. तेथून येथें येतो तो केवळ प्रकाश. खटल्यांत एकच साक्षीदार असावा, तशी ही स्थिति आहे. हा साक्षीदार दोन गोष्टी जाणतो. आपला उगम आपल्यापासून दूर जात आहे कीं जवळ येत आहे, ही गोष्ट तो स्वच्छ शब्दांत सांगतो. तो उगम किती दूर आहे, ही गोष्ट मात्र त्याच्याकडून फार कष्टानें वदवून घ्यावी लागते. विश्व प्रसरण पावत आहे हा विसाव्या शतकांतील मोठा शोध या दोन जबान्या एकमेकींशीं ताडून पाहिल्यानें लागला. आणि त्या शोधाभोंवतीं जे वाद माजले व जो एक आजहि मिटलेला नाहीं, त्यांपैकीं बरेचसे दुसऱ्या जबानीच्या अस्पष्टपणांतून निघाले आहेत.

प्रकाश हा जुना लेख असतो, हें दिवेआगरच्या माणसांस सांगणें सोपें आहे. या गांवीं सांपडलेल्या एका ताम्रपटावर शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० चा काळ नमूद आहे, आणि कालनिर्देश असलेल्या प्राचीनतम मराठी लेखांत त्याची गणना होते. जो तारा सुमारे साडेनऊशे प्रकाशवर्षें दूर आहे, त्याचा आज दिसणारा किरण तो ताम्रपट कोरला गेला त्या सुमारास निघालेला आहे. प्रकाश एका सेकंदांत सुमारे तीन लक्ष किलोमीटर जातो. या वेगानें तो वर्षभरांत जेवढें अंतर कापतो त्यास प्रकाशवर्ष म्हणतात, आणि तें सुमारे साडेनऊ लाख कोटि किलोमीटर भरतें. ताम्रपट कोरणारा हात केव्हांच नाहींसा झाला, परंतु अक्षरें उरलीं. वाचणाऱ्यास लिपि येत असली म्हणजे झालें. किरणाचेंहि तसेंच आहे. फक्त त्याची लिपि अगोदर शिकावी लागते.

ही लिपि प्रकाशाच्या रंगांत दडलेली आहे. सूर्याचा किरण त्रिकोणी लोलकांतून नेला कीं तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत रंगांचा पट्टा उमटतो. यालाच वर्णपट म्हणतात. प्रकाश लहरींच्या रूपानें येतो आणि लहरीच्या लांबीवर त्याचा रंग ठरतो : तांबड्या प्रकाशाची लहर लांब, जांभळ्याची आंखूड. १८१४ सालीं जर्मनींतील भिंगांचा कुशल कारागीर जोसेफ फ्राउनहोफर यानें सूर्याचा वर्णपट बारकाईनें तपासला, तेव्हां त्यांत त्यास शेंकडों बारीक काळ्या रेषा आढळल्या. त्यांचा अर्थ पुढें १८५९-६० मध्यें हायडेलबर्ग येथें किर्खोफ आणि बुन्सेन यांनीं लाविला. प्रत्येक मूलद्रव्य ठराविक लांबीच्याच लहरी बाहेर टाकतें किंवा गिळून टाकतें. सोडियमच्या दोन पिवळ्या रेषा, हायड्रोजनची ठसठशीत तांबडी रेषा, जांभळ्या टोंकाजवळच्या कॅल्शियमच्या दोन रेषा, हीं जणूं त्या त्या द्रव्याचीं हस्ताक्षरें होत. एका द्रव्याचें हस्ताक्षर दुसऱ्याशीं जुळत नाहीं.

या लिपीचें वाचन मराठी मुलुखाच्या कडेवरहि झालें आहे. १८ ऑगस्ट १८६८ रोजीं खग्रास सूर्यग्रहणाची छाया हिंदुस्थानावरून गेली, तेव्हां लंडनच्या रॉयल सोसायटीच्या वतीनें लेफ्टनंट जॉन हर्शेल यांनीं पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानांत आपला वर्णपटदर्शक उभारला होता. हें जमखंडी गांव आज कर्नाटकाच्या बागलकोट जिल्ह्यांत मोडतें. श्रावणाचे ढग मधें मधें येत होते. तरीहि सूर्याच्या कडेवरून उसळणाऱ्या ज्वालांच्या वर्णपटांत तेजस्वी रेषा दिसल्या, आणि त्या ज्वाला तप्त वायूच्या आहेत हें ठरलें. त्याच वर्षीं सूर्यप्रकाशांत एक अनोळखी पिवळी रेषा निश्चित करण्यांत आली. तिचें द्रव्य म्हणून कल्पिलेला हेलियम पृथ्वीवर हातीं लागला तो १८९५ सालीं. वस्तु हातीं येण्यापूर्वीं सत्तावीस वर्षें तिचें हस्ताक्षर वाचलें गेलें होतें. या प्रसंगानंतर प्रकाशाच्या लिपीवर अविश्वास दाखविण्यास फारसें कारण उरलें नाहीं.

आतां मुख्य गोष्ट. सूर्य ज्या प्रचंड तारकासमूहाचा एक घटक आहे त्यास आकाशगंगा म्हणतात, आणि तिच्यासारख्याच इतर स्वतंत्र समूहांस दीर्घिका. देवयानींतील ठिपका ही एक दीर्घिकाच होय. दूरच्या दीर्घिकेचा वर्णपट घेतला तर त्यांत तींच ओळखीचीं हस्ताक्षरें त्याच क्रमानें सांपडतात. मात्र सर्व रेषा तांबड्या टोंकाकडे सरकलेल्या असतात, आणि त्याहि एकाच प्रमाणांत. समजा, तीन रेषांच्या लहरींची लांबी अनुक्रमें ४००, ५०० व ६०० असावयास हवी होती. तर ती ४४०, ५५० व ६६० अशी आढळते. एखादी ओळ रबरावर लिहून रबर ताणावें, म्हणजे अक्षरें जशीं तींच राहून रुंदावतात, तसा हा प्रकार आहे. मराठी शास्त्रीय लेखनांत यास ताम्रच्युति म्हणतात.

लहरी लांबल्या तर त्यावरून गति कशी कळते, हें समुद्रावर जाणाऱ्यास निराळें शिकवावें लागत नाहीं. दिवेआगरच्या दक्षिणेस भरडखोल हें कोळ्यांचें बंदर आहे. तेथून खोल समुद्राकडे निघालेली होडी लाटांना सामोरी जाते. किनाऱ्यालगत नांगरलेल्या होडीखालून दर आठ सेकंदांस एक लाट जात असेल, तर बाहेर निघालेल्या होडीस तीच लाट सहा सेकंदांसच गांठील, आणि किनाऱ्याकडे परतणाऱ्या होडीस पुढच्या लाटेची वाट दहा-बारा सेकंद पाहावी लागेल. समुद्र तोच, लाटा त्याच. होडींतील माणसानें डोळे मिटून केवळ लाटा मोजल्या तरी आपण लाटांच्या उगमाकडे जात आहों कीं त्यापासून दूर, हें त्यास सांगतां येईल. उगम हालत असला तरी परिणाम याच जातीचा होतो. १८४२ सालीं ऑस्ट्रियांतील ख्रिश्चन डॉप्लर यानें हा नियम मांडला. प्रकाशाला तो लाविला म्हणजे, रेषा जांभळ्या टोंकाकडे सरकल्या तर उगम जवळ येत आहे, तांबड्याकडे सरकल्या तर दूर जात आहे, असा अर्थ निघतो.

१९१२ हें वर्ष या इतिहासांत महत्त्वाचें आहे. त्या वर्षीं पुण्याच्या सायन्स कॉलेजांतील महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा, प्राध्यापक कावसजी नायगमवाला यांच्या निवृत्तीबरोबर बंद झाली आणि तिचीं उपकरणें कोडईकनालकडे गेलीं. त्याच वर्षीं अमेरिकेंत फ्लॅगस्टाफ येथें व्हेस्टो स्लायफर यानें देवयानीच्या ठिपक्याचा वर्णपट मोजला. तो ठिपका सेकंदास सुमारे ३०० किलोमीटर वेगानें जवळ येत आहे असें निघालें. परंतु स्लायफरनें जसजसे अधिक ठिपके तपासले तसतसा देवयानी हा अपवाद ठरूं लागला. १९१७ पर्यंत मोजलेल्या २५ पैकीं २१ दूर जात होते, आणि त्यांतील कित्येकांचे वेग तोंपर्यंत माहीत असलेल्या कोणत्याहि ताऱ्याच्या वेगापेक्षां फार मोठे होते. साक्षीदाराची पहिली जबानी अशा रीतीनें नोंदली गेली; पण दूर जाणारे हे ठिपके मुळांत किती दूर आहेत, हें कोणासच ठाऊक नव्हतें.

दुसऱ्या जबानीची अडचणहि समुद्रावरच्या अनुभवांतून समजते. काळोख्या रात्रीं समुद्रांत एक मंद दिवा दिसला, तर तो जवळच्या होडींतील लहान कंदील आहे कीं लांबच्या जहाजावरील मोठा दिवा, हें केवळ त्याच्या मंदपणावरून ठरवितां येत नाहीं. मात्र तो दीपगृहाचा दिवा असेल तर गोष्ट निराळी. प्रत्येक दीपगृहाची उघडझाप ठराविक कालानें होते. ती मोजली कीं तें कोणतें दीपगृह हें नाविकास कळतें, त्याच्या दिव्याची खरी शक्ति त्यास ठाऊक असते, आणि मग दिसणाऱ्या मंदपणावरून अंतराचा अंदाज करतां येतो. आकाशांत अशीं दीपगृहें शोधून काढण्याचें श्रेय हेन्रिएटा लेव्हिट या विदुषीस आहे. हार्वर्ड वेधशाळेंत छायाचित्रांच्या काचांवरील ताऱ्यांचें तेज मोजण्याचें काम त्या करीत. वृषपर्वा समूहांतील एका ताऱ्यावरून ज्यांस नांव मिळालें, ते ताऱ्यांचे एक कुल असें आहे कीं त्यांचें तेज ठराविक दिवसांनीं वाढतें व घटतें. १९१२ सालीं लेव्हिटबाईंनीं दाखवून दिलें कीं, ज्याची उघडझाप जितकी सावकाश तितका तो तारा मुळांत अधिक तेजस्वी असतो. उघडझाप मोजावी, खरें तेज जाणावें, दिसणाऱ्या तेजाशीं तें ताडावें, म्हणजे अंतर हातीं येतें.

१९२३ च्या ऑक्टोबरांत माउंट विल्सन वेधशाळेच्या १०० इंची दुर्बिणींतून एडविन हबल यांस देवयानीच्या ठिपक्यांत असा एक तारा गवसला. त्यावरून काढलेलें अंतर आकाशगंगेच्या सीमेपलीकडे कितीतरी दूर गेलें, आणि हे ठिपके स्वतंत्र दीर्घिका आहेत हा निर्णय लागला. यानंतर हबल यांनीं इतर दीर्घिकांचीं अंतरें हातीं घेतलीं. वर्णपट घेण्याच्या कामांत त्यांचे सहकारी मिल्टन ह्यूमसन होते. हे गृहस्थ वेधशाळा बांधली जात असतांना तिचें सामान खेंचरांवर लादून डोंगरावर नेत असत. पुढें ते तेथेंच झाडलोटीच्या कामावर राहिले, आणि अखेरीस, कॉलेजचें तोंड न पाहतां, त्या वेधशाळेंतील अत्यंत कुशल वेधकार झाले. एकेका अंधुक दीर्घिकेकरितां एकच काच अनेक रात्रीं दुर्बिणीस लावून ठेवण्याची चिकाटी त्यांच्यापाशीं होती.

१९२९ सालीं हबल यांनीं २४ दीर्घिकांचीं अंतरें आणि त्यांचे वेग एका आलेखावर मांडले. जी दीर्घिका दुप्पट दूर ती दुप्पट वेगानें दूर जाते, जी तिप्पट दूर ती तिप्पट वेगानें, असा सरळ नियम त्यांतून दिसला. कागदावरील गणित याच्याहि अगोदर तयार होतें. आइन्स्टाइनच्या सापेक्षतावादाच्या समीकरणांतून विश्व प्रसरण पावूं शकतें, असें रशियांतील अलेक्झांडर फ्रीडमन यांनीं १९२२ मध्यें दाखविलें होतें. बेल्जियमचे धर्मोपदेशक व गणिती जॉर्ज लमेत्र यांनीं १९२७ सालींच दीर्घिकांच्या वेगांशीं त्याचा संबंध जोडला होता. म्हणूनच आंतरराष्ट्रीय ज्योतिष संघटनेनें २०१८ सालीं या नियमास हबल-लमेत्र नियम असें नांव देण्याची शिफारस केली. खुद्द आइन्स्टाइन यांनीं १९१७ सालीं स्थिर विश्वाची कल्पना मांडली होती. १९३१ मध्यें माउंट विल्सनला भेट दिल्यावर त्यांनीं ती सोडून दिली.

सर्व दीर्घिका आपल्यापासूनच दूर जात आहेत, तर मग विश्वाचा मध्य पृथ्वीपाशीं आहे काय? या शंकेचें उत्तर पोफळीच्या वाडींत मिळतें. एका सरळ ओळींत सहा सहा हातांवर पोफळी लाविल्या आहेत, आणि वाडीची जमीनच सर्वत्र सारखी ताणली जाऊन वर्षभरांत दुप्पट झाली, अशी कल्पना करावी. कोणत्याहि एका झाडापाशीं उभें राहून पाहिलें तर शेजारचें झाड सहा हातांवरून बारा हातांवर गेलेलें दिसेल, म्हणजे तें सहा हात सरकलें. त्याच्या पुढचें बारावरून चोविसावर गेलें, म्हणजे बारा हात सरकलें. दहावें झाड साठावरून एकशेंवीस हातांवर गेलें, म्हणजे साठ हात सरकलें. जितकें दूर, तितका सरकण्याचा वेग अधिक : हाच तो नियम. आणि पाहणारा ओळींतील दुसऱ्या झाडापाशीं जाऊन उभा राहिला तरी त्यास हाच देखावा दिसेल. झाडें कोणा एका ठिकाणापासून पळत नाहींत. तीं आपापल्या जागीं रुतलेलीं आहेत, जमीनच वाढत आहे. वाडीला कुंपण असतें, विश्वाला तसें कुंपण आढळलेलें नाहीं, एवढाच येथें दृष्टांताचा तोकडेपणा.

याच दृष्टांतानें आणखी दोन गोष्टी उलगडतात. जमीन ताणली तरी पोफळीचा बुंधा जाड होत नाहीं. त्याचे तंतु त्यास घट्ट धरून असतात. त्याचप्रमाणें सूर्यमाला, आकाशगंगा, किंवा एकमेकींच्या आकर्षणानें बांधल्या गेलेल्या शेजारच्या दीर्घिका प्रसरण पावत नाहींत. देवयानी जवळ येते ती याच आकर्षणामुळें. दुसरी गोष्ट ताम्रच्युतीविषयीं. दूरच्या दीर्घिकेचा प्रकाश आपल्यापर्यंत येण्यास कोट्यवधि वर्षें लागतात, आणि तेवढ्या काळांत ज्या अवकाशांतून तो येतो तें अवकाशच ताणलें जातें. लहरहि त्याबरोबर लांबते. लहर दुप्पट झालेली आढळली, तर ती निघाल्यापासून विश्वांतील अंतरेंहि दुप्पट झालीं आहेत, इतका सरळ हा हिशेब आहे. होडीचा दृष्टांत जवळच्या दीर्घिकांपुरता ठीक. फार दूरच्या प्रकाशाकरितां वाडीचा दृष्टांतच खरा.

कोणी म्हणेल, लांबच्या प्रवासांत प्रकाश थकून जात असेल आणि म्हणून तांबडा होत असेल. प्रसरणाची कल्पना हवी कशाला? ही शंका स्वित्झर्लंडचे फ्रिट्झ झ्विकी यांनीं १९२९ सालींच काढली होती. तिचें निरसन फुटणाऱ्या ताऱ्यांनीं केलें. एका विशिष्ट जातीचे तारे फुटतात तेव्हां त्यांचें तेज जवळ जवळ ठरलेल्या दिवसांत चढतें व ओसरतें. अवकाश खरोखरच ताणलें जात असेल, तर दोन लहरींमधील अंतराप्रमाणें दोन घटनांमधील काळहि ताणला पाहिजे : ज्याच्या लहरी दुप्पट लांबल्या आहेत, त्याचें वीस दिवसांत ओसरणारें तेज चाळीस दिवस घेईल. प्रकाश नुसता थकला असता तर दिवस वाढण्याचें कांहींच कारण नव्हतें. १९९० नंतरच्या दशकांत दूरच्या स्फोटांचे दिवस काळजीपूर्वक मोजण्यांत आले. ते त्याच प्रमाणांत वाढलेले निघाले.

प्रसरण खरें, पण त्याचा वेग किती? येथें साक्षीदाराची दुसरी जबानी अडखळली, आणि त्यांतून विसाव्या शतकांतील एक मोठा वाद उभा राहिला. हबल यांच्या अंतरांप्रमाणें दर ३३ लाख प्रकाशवर्षांमागें वेग सेकंदास सुमारे ५०० किलोमीटर वाढत होता. हा आंकडा खरा मानून मागें मागें हिशेब केला, तर सर्व दीर्घिका एकत्र असल्याचा काळ अवघ्या २०० कोटि वर्षांपूर्वींचा येई. परंतु पृथ्वीचे खडक याहून जुने असल्याचें दिसूं लागलें होतें. मुलानें बापापेक्षां वयानें वडील असावें, तसा हा प्रकार झाला. १९४८ सालीं केंब्रिज येथील हर्मान बाँडी, टॉमस गोल्ड आणि फ्रेड हॉईल यांनीं या पेंचांतून एक वाट काढली. विश्व प्रसरण पावतें हें खरें, पण त्यास आरंभच नाहीं. दीर्घिका दूर जाऊन पडणारी जागा नव्यानें उत्पन्न होणारें द्रव्य हळूहळू भरून काढतें, आणि विश्व सदैव एकाच स्वरूपांत राहतें, असें त्यांनीं प्रतिपादिलें. यास स्थिर-स्थिति विश्वाची उपपत्ति म्हणतात.

याच वादांत महाराष्ट्राचें एक नांव पुढें आलें. जयंत विष्णु नारळीकर यांचा जन्म १९ जुलै १९३८ रोजीं कोल्हापूर येथें झाला. त्यांचे वडील विष्णु वासुदेव नारळीकर हे बनारस हिंदु विश्वविद्यालयांत गणिताचे प्राध्यापक असून सापेक्षतावादाचे अभ्यासक होते. केंब्रिजमध्यें हॉईल यांच्या हाताखालीं संशोधन करीत असतां, १९६१ मध्यें मार्टिन राइल यांनीं नभोवाणीच्या लहरी टाकणाऱ्या उगमांच्या मोजणीवरून स्थिर-स्थितीवर आक्षेप घेतला, तेव्हां गुरूबरोबर त्यास उत्तर देण्याचें काम या तरुण विद्यार्थ्यानें केलें. १९६४ सालीं गुरुत्वाकर्षणाविषयीं हॉईल-नारळीकर उपपत्ति प्रसिद्ध झाली.

मूळ पेंच मात्र निराळ्याच बाजूनें सुटला. १९५२ सालीं वॉल्टर बाडे यांनीं जाहीर केलें कीं वृषपर्वी तारे एका प्रकारचे नसून दोन प्रकारचे आहेत, आणि मंद जातीसाठीं बसविलेलें माप तेजस्वी जातीस लाविलें गेलें आहे. दीपगृह ओळखण्यांतच चूक झाली होती. दीर्घिकांचीं अंतरें एका फटक्यासरशीं दुप्पट झालीं. पुढील दुरुस्त्यांनीं तीं आणखी वाढलीं, आणि त्या मानानें विश्वाचें वयहि वाढलें. आज तें सुमारे १३८० कोटि वर्षें धरतात, आणि पृथ्वीचें सुमारे ४५४ कोटि. मुलगा आतां बापाहून लहान आहे. नंतर १९६५ मध्यें अमेरिकेंत आर्नो पेंझियास व रॉबर्ट विल्सन यांस आकाशाच्या सर्व दिशांनीं सारखेंच येणारें एक मंद प्रारण सांपडलें. विश्व अत्यंत तप्त व दाट असतांनाचा तो प्रकाश होता, आणि निघाल्यापासून त्याच्या लहरी सुमारे अकराशेंपट ताणल्या गेल्या होत्या. बहुतेक शास्त्रज्ञांच्या मतें यानें तप्त आरंभाच्या बाजूनें निकाल लागला.

नारळीकरांस तो निकाल अंतिम वाटला नाहीं. १९७२ सालीं ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत परतले, १९८८ सालीं पुण्यांत सुरूं झालेल्या आयुका या संस्थेचे ते संस्थापक-संचालक झाले, आणि १९९३ मध्यें हॉईल व जेफ्री बर्बिज यांच्यासमवेत त्यांनीं स्थिर-स्थितीची एक सुधारलेली उपपत्ति मांडली. या उपपत्त्यांत दीर्घिकांचें दूर जाणें नाकारलेलें नव्हतें; विवाद होता तो आरंभ मानावा कीं न मानावा याचा. २० मे २०२५ रोजीं पुण्यांत त्यांचें निधन झालें. बहुमत त्यांच्या बाजूस आलें नाहीं. परंतु प्रचलित मताला प्रत्येक वेळीं पुरावा मागणारा एक समर्थ विरोधक त्या मतास लाभला, आणि मराठी वाचकांस हा सर्व विचार आपल्या भाषेंत समजावून देणारा लेखक मिळाला.

दूरच्या साक्षी नोंदून घेण्याचें काम महाराष्ट्राच्या भूमीवर आज प्रत्यक्ष चालू आहे. दिवेआगरपासून सरळ रेषेंत सुमारे दीडशें किलोमीटरांवर, सह्याद्रीच्या पलीकडे, नारायणगांवाजवळ खोडद येथें टाटा संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची प्रचंड दुर्बीण उभी आहे. गोविंद स्वरूप (१९२९-२०२०) यांच्या कल्पनेंतून ती साकार झाली. तिच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरांच्या टापूंत पसरल्या असून प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर आहे. या तबकड्या पत्र्याच्या नसून कोळ्याच्या जाळ्यासारख्या विणलेल्या तारांच्या आहेत. मोठा मासा जसा बारीक आसाच्या जाळ्यांतून निसटत नाहीं, तशी लांब लहर या छिद्रांतून पलीकडे जात नाहीं, ती परावृत्त होते. वारा मात्र आरपार जातो, आणि म्हणून तबकडी हलकी ठेवतां येते.

थंड हायड्रोजन वायु २१ सेंटिमीटर लांबीची एक लहर टाकतो. नभोवाणीचे कार्यक्रम ज्या जातीच्या लहरींवरून घरोघर येतात, त्याच जातीची ही लहर होय. ती फार क्षीण असल्यामुळें दूरच्या एका दीर्घिकेंतून ती टिपणें जवळ जवळ अशक्य समजलें जाई. जानेवारी २०२३ मध्यें मॅकगिल विद्यापीठाचे अर्णव चक्रवर्ती आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे निरूपम रॉय यांचें खोडदच्या दुर्बिणीवरील यश जाहीर झालें. मधें आलेल्या दुसऱ्या एका दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणानें भिंगाचें काम केलें, आणि त्या साहाय्यानें हायड्रोजनची ती लहर पकडतां आली. ती येथें पोहोंचली तेव्हां २१ सेंटिमीटरांची राहिली नव्हती. सुमारे ४८ सेंटिमीटरांची झाली होती. ४८ ला २१ नें भागलें कीं सुमारे २.३ येतात. म्हणजे ती लहर निघाली त्या वेळेपासून विश्वांतील अंतरें २.३ पट झालीं. तिचा प्रवास सुमारे ८८० कोटि वर्षांचा. पृथ्वी त्या प्रवासाच्या साधारण मध्यावर जन्मास आली.

१९९८ सालीं फुटणाऱ्या ताऱ्यांच्याच मोजणीनें आणखी एक धक्का दिला. प्रसरण आकर्षणामुळें मंदावत असेल अशी अपेक्षा होती. तें उलट वेग घेत आहे असें दोन स्वतंत्र पथकांस आढळलें, आणि त्याबद्दल २०११ चें नोबेल पारितोषिक सॉल पर्लमटर, ब्रायन श्मिट व अ‍ॅडम रीस यांस मिळालें. हा वेग देणारें जें कांहीं आहे त्यास कृष्ण ऊर्जा असें नांव आहे. त्याचें स्वरूप उलगडलेलें नाहीं.

प्रसरणाच्या वेगाचा प्रश्नहि पुन्हां उभा राहिला आहे. वृषपर्वी तारे व फुटणारे तारे यांच्या पायऱ्यांनीं मोजलें असतां दर ३३ लाख प्रकाशवर्षांमागें सेकंदास सुमारे ७३ किलोमीटर हा आंकडा येतो. १९६५ सालीं सांपडलेल्या त्या आद्य प्रारणावरून गणित केलें असतां सुमारे ६७ येतो. दोन्ही मोजमापें अत्यंत काळजीनें केलेलीं आहेत, आणि दोहोंमधला फरक त्यांच्या सांगितलेल्या चुकीच्या मर्यादेंत मावत नाहीं. एक तर अंतराच्या शिडीची एखादी पायरी अजून नीट बसलेली नाहीं, किंवा विश्वाच्या घडणींत असें कांहीं आहे जें आजच्या गणितांत धरलेलें नाहीं. ५०० च्या आंकड्यानें जेव्हां विश्वाला पृथ्वीपेक्षां लहान ठरविलें होतें, तेव्हां ती विसंगति ताऱ्यांच्या दोन जाती उघडकीस आल्यावर सुटूं लागली. आजच्या सहा किलोमीटरांच्या फरकामागें काय आहे, हें शोधण्यासाठीं तोच एक साक्षीदार पुन्हां पुन्हां तपासला जात आहे.